फॉरमॅट मारण्याआधी लॉग वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ला न चालणाऱ्या अनेक धडधाकट लॅपटॉपांवर उबुंटू नाहीतर मिंट हे लिनक्स आलं. चार दिवस कौतुकाचे जातात. मग साफसफाईची हुक्की येते: हे कशाला, ते कशाला, काढून टाका. पुढच्या वेळी मशीन सुरू केलं की समोर काळा पडदा आणि युजरनेम विचारणारी एक ओळ. त्यावर जो तो एकच इलाज सांगतो, फॉरमॅट मार. माझा आक्षेप या इलाजालाच आहे.

अशा वेळी बहुधा काही बिघडलेलं नसतंच. संगणकाने सांगितलेलं काम निमूटपणे केलेलं असतं. उबुंटूवर वारंवार घडणारा प्रकार घ्या. नवं पायथन टाकायचंय म्हणून कुणी आधी 'जुनं' काढायला बसतो आणि 'सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन३' असा हुकूम सोडतो. पण उबुंटूची कितीतरी अवजारं त्याच पायथनवर उभी असतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं आणि अख्खा डेस्कटॉप जातो.

सॉफ्टवेअर टाकणारं-काढणारं ॲप्ट यातलं काही लपवत नाही. काय काय काढलं जाणार याची यादी दाखवतं, किती जागा मोकळी होईल ते सांगतं आणि मगच होकार विचारतं. पण त्या प्रश्नातला वाय मोठ्या लिपीतला असतो, म्हणजे नुसतं एंटर दाबलं तरी 'हो'. 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश'ची सवय लागलेलं बोट तिथे थांबत नाही.

हे नवशिक्यांचंच होतं असंही नाही. २०२१मध्ये लायनस सेबॅस्टियन या नामांकित यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेमचं ॲप टाकताना स्वतःचा डेस्कटॉप उडवला. 'येस, डू ॲज आय से!' हे अख्खं वाक्य टाईप करायला लावूनही तो थांबला नाही. त्यानंतर ॲप्टने अत्यावश्यक पॅकेजांबाबतचे नियम कडक केले. २०२५च्या ॲप्ट ३.०मध्ये तर काढायची पॅकेजं यादीत शेवटी आणि लाल रंगात दिसतात. सुधारणा चांगलीच आहे, पण लाल अक्षरंही वाचावी लागतातच.

आता दुरुस्ती. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा आणि नेहमीच्या नावाने लॉगिन करा. 'व्हार'मधल्या 'लॉग'मधल्या 'ॲप्ट' फोल्डरात हिस्टरी नावाची लॉग फाईल असते. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या हुकमाने काय गेलं, याची नोंद तिथे असते. मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप'. हे मेटापॅकेज किराण्याच्या यादीसारखं आहे: त्यात स्वतःचा माल नाही, पण तेवढं एक नाव घेतलं की सगळं सामान येतं. मिंटच्या सिनॅमनसाठी 'मिंट-मेटा-सिनॅमन'. यादीबाहेरचं काही गेलं असेल तर लॉगमधून नावं घेऊन तेही परत टाका. फेडोरावाल्यांचं काम आणखी सोपं, त्यांच्याकडे 'डीएनएफ हिस्टरी अनडू' आहे. नेटवर्क मॅनेजरच गेला असेल, तर मात्र इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून चेंजरूटने आत शिरावं लागतं. काम किचकट, पण होणारं.

या सगळ्यात होम फोल्डर शाबूत असतो. ॲप्ट तुमच्या फोटोंना, कागदपत्रांना हात लावत नाही. डिस्क फॉरमॅट केली की मात्र तेही जातं. म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर.

म्हणून दोन सवयी लावून घ्या. कोणतंही पॅकेज काढण्याआधी तोच हुकूम 'ॲप्ट'पुढे 'डॅश एस' लावून द्या. तो काही न काढता नुसती रंगीत तालीम करून दाखवतो. आणि मिंटमध्ये आधीपासून असलेलं, सिस्टिमची मागची स्थिती जपून ठेवणारं टाइमशिफ्ट आजच चालू करून पहिला स्नॅपशॉट घ्या.