सर्व्हरवर नवी सिस्टीम टाकताय? आधी फर्मवेअर पाहा

विंडोज सर्व्हर २०१६चा सपोर्ट १२ जानेवारी २०२७ रोजी संपतो आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीतला कारखाना असो की उल्हासनगरातला व्यापारी, ज्यांचे बिलिंग अजून त्यावर चालते, त्यांना नवी सिस्टीम टाकायलाच हवी. पण पेनड्राइव्ह लावून थेट इन्स्टॉलेशन सुरू करण्याची घाई महागात पडते.

आधी बॅकअप, तोही दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिलेला. कारण 'रेड'ची मांडणी नव्याने केली की डिस्कवरचा डेटा गेलाच समजा. फर्मवेअर अपडेट यूपीएसशिवाय करूच नये. मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, आणि इथे पावसाळ्यात ती कधी जाईल हे कोण सांगणार? बूट मोड यूईएफआय ठेवावा. जुन्या एमबीआर पद्धतीत साधारण २ टीबीपुढची जागा वापरताच येत नाही. सर्व्हर सेकंडहँड असेल तर रिमोट मॅनेजमेंटचा आधीच्या मालकाचा पासवर्डही बदलावा.

यात अर्धा दिवस सहज जातो. त्याचे वेगळे पैसे मागणाऱ्या तंत्रज्ञाशी घासाघीस कशाला? जो मागत नाही, त्याला आधी बॅकअप दाखवायला सांगावे.