विश्लेषण : निर्बंध एकाचे, इंधन दुसऱ्याचे! तारापूरसाठी फ्रान्स, चीन आणि रशिया का पुढे आले?

रशियाकडून तेल घेतो म्हणून अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर २५ टक्के अतिरिक्त आयातशुल्क लादले. इराणचे तेल निर्बंध असूनही चीनच्या बंदरांत उतरते. उत्तर कोरियाला ठरलेल्या मर्यादेपलीकडे इंधन मिळत असल्याचे आरोप होतात. जगाने वाळीत टाकलेल्या देशाला इंधन देण्याची जोखीम दुसरा देश का घेतो, हा प्रश्न अशा वेळी पडतो. त्याचे उत्तर शोधताना पालघर जिल्ह्यातच एक जुना दाखला सापडतो. बेटेगाव-बोईसरपासून काही किलोमीटरवर, समुद्रकिनारी उभ्या असलेल्या तारापूर अणुऊर्जा केंद्राचे इंधन एकेकाळी असेच अडवले गेले होते.

तारापूरचे इंधन का अडले?

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या बनावटीच्या. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्या व्यावसायिक तत्त्वावर सुरू झाल्या. त्यांना समृद्ध युरेनियम लागते आणि ते ३० वर्षे अमेरिका पुरवील, असा करार १९६३ मध्ये झाला होता. १८ मे १९७४ रोजी भारताने पोखरणला अणुचाचणी केली आणि चित्र पालटले. चाचणीसाठीचे प्लुटोनियम तारापूरचे नव्हते, ते तुर्भ्याच्या ‘सायरस’ अणुभट्टीतून आले होते. तरीही फटका तारापूरला बसला.

अमेरिकेने १९७८ मध्ये अण्वस्त्र प्रसारबंदीचा कायदा केला. ज्या देशाचे सर्व अणुप्रकल्प आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत त्याला इंधन द्यायचे नाही, अशी त्यातली अट होती. भारताने ती नाकारली. १९८० मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी इंधन पाठवण्याचा निर्णय घेतला. प्रतिनिधीगृहाने तो फेटाळला आणि सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा निसटत्या मतांनी तो तरला. यापुढे पुरवठा चालणार नाही, हे त्या मतदानातून स्पष्ट झाले.

फ्रान्सला मध्ये कोणी आणले?

इथे गोष्ट रंजक होते. जुलै १९८२ मध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या. अमेरिकेऐवजी फ्रान्सने तारापूरला इंधन द्यावे, असा तोडगा तेव्हा अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्याशी ठरला. नोव्हेंबर १९८२ मध्ये भारत-फ्रान्स करारही झाला. म्हणजे ज्या देशाच्या कायद्याने पुरवठा थांबला, त्याच देशाच्या संमतीने पर्यायी वाट निघाली.

अमेरिकेने हे का केले? करार मोडला असे ठरले असते तर त्यातल्या अटींचे बंधनही आपल्यावर उरणार नाही, अशी भूमिका भारत घेऊ शकत होता. तारापूरच्या वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया केली की प्लुटोनियम मिळते. त्यामुळे इंधन न देण्यापेक्षा ते कोणीतरी देणे आणि तपासणी चालू राहणे अमेरिकेला सोयीचे होते. काँग्रेसशी पुन्हा भांडण नको होते आणि भारत पूर्णपणे सोव्हिएत संघाकडे झुकायलाही नको होता. फ्रान्सला व्यवसाय मिळाला, शिवाय दिल्लीत वजनही वाढले.

चीन आणि रशियाने काय साधले?

फ्रान्सचा पुरवठा १९९३ पर्यंत चालला. तोवर अणुपुरवठादार देशांच्या गटाने संपूर्ण तपासणीची अट सर्व सदस्यांसाठी लागू केली होती. मग जानेवारी १९९५ मध्ये चीनने इंधन दिले. १९६२ चे युद्ध आणि सीमावाद बाजूला ठेवून झालेला हा व्यवहार वरवर चक्रावणारा वाटतो. पण चीन तेव्हा त्या गटाचा सदस्य नव्हता, त्यामुळे गटाची अट त्याला लागू नव्हती. तारापूर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तपासणीखाली असल्याने नाव खराब होण्याचा धोकाही कमी होता. नियमांत फट होती आणि समोर गिऱ्हाईक होते.

२००१ मध्ये रशियाने ५८ टन इंधन दिले. रशिया गटाचा सदस्य होता, त्यामुळे त्याने नियमांतल्या सुरक्षाविषयक अपवादाचा आधार घेतला. इंधनाअभावी अणुभट्टीची सुरक्षितता धोक्यात येईल, असा त्याचा युक्तिवाद होता. बहुतेक सदस्यांना तो पटला नाही. इंधन संपले तर भट्टी बंद ठेवता येते, त्यात धोका कसला, हा त्यांचा सवाल होता. तारापूर-बोईसरच्या रहिवाशांची सुरक्षितता अशी दूरच्या बैठकांत वादाचा मुद्दा बनली. डिसेंबर २००४ मध्ये त्याच रशियाने हात आखडता घेतला आणि २००६ मध्ये, भारत-अमेरिका संबंध सुधारल्यावर, पुन्हा ६० टन देण्याची तयारी दाखवली.

एकाकी राजवटींच्या बाबतीतही हेच घडते का?

भारत लोकशाही देश आहे. तारापूरची तुलना थेट ऱ्होडेशिया किंवा उत्तर कोरियाशी करता येणार नाही. मदत करणाऱ्यांचे हिशेब मात्र ओळखीचे वाटतात.

ऱ्होडेशियातील अल्पसंख्य गोऱ्यांच्या राजवटीने १९६५ मध्ये एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले. संयुक्त राष्ट्रांनी तेलबंदी लादली आणि ब्रिटिश नौदल बैरा बंदराबाहेर पहारा देत राहिले. तेल तरीही दक्षिण आफ्रिका आणि पोर्तुगालच्या ताब्यातील मोझांबिकमार्गे पोहोचत होते. शेजारची गोरी राजवट पडली तर पुढची पाळी आपली, ही भीती त्यामागे होती. शेल आणि बीपी या कंपन्यांच्या उपकंपन्यांमार्फतही तेल जात होते आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांना त्याची कल्पना होती, असे १९७८ च्या बिंगहॅम अहवालातून उघड झाले. निर्बंध लादणाऱ्याचे घरही गळकेच होते.

उत्तर कोरियाला वर्षाला ५ लाख पिंपांपेक्षा जास्त शुद्ध केलेले इंधन देऊ नये, असा ठराव सुरक्षा परिषदेने डिसेंबर २०१७ मध्ये केला. रशियाने आणि चीननेही त्याच्या बाजूने मत दिले होते. मार्च २०२४ मध्ये रशियाने नकाराधिकार वापरून या निर्बंधांवर नजर ठेवणारी तज्ज्ञ समितीच संपवली. युक्रेन युद्धात रशियाला उत्तर कोरियाचा दारूगोळा हवा होता. चीनची चिंता वेगळी आहे. प्योंगयांगची राजवट कोसळली तर निर्वासितांचे लोंढे आणि अमेरिकी फौजा आपल्या सीमेवर येतील, असे त्याला वाटते.

मग फरक कुठे करायचा?

दोन गोष्टी पाहायला हव्यात. पहिली, निर्बंध कोणाचे आहेत. सुरक्षा परिषदेचा बंधनकारक ठराव सर्व सदस्य देशांना पाळावा लागतो. तारापूरवरची बंदी आधी अमेरिकेच्या देशांतर्गत कायद्याची आणि नंतर पुरवठादार गटाच्या नियमांची होती. रशियन तेलावरचे निर्बंधही अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांचे आहेत, संयुक्त राष्ट्रांचे नाहीत. दुसरी, व्यवहार उघड आहे की लपूनछपून. तारापूरला आलेले इंधन करार करून आणि तपासणीखाली आले. जहाजाचा माग देणारी यंत्रणा बंद करायची आणि भर समुद्रात एका जहाजातून दुसऱ्यात तेल भरायचे, ही तऱ्हा वेगळी.

तारापूरचा धडा काय?

मदत करणारा देश आपला स्वार्थ असेपर्यंतच मदत करतो. रशियाने २००४ मध्ये ते दाखवून दिले. भारतानेही इराणबाबत तेच केले. २०१२ नंतर यूको बँकेमार्फत रुपयांत पैसे देऊन तेल घेतले, पण अमेरिकेची सवलत संपताच मे २०१९ मध्ये खरेदी थांबवली.

तारापूरची कोंडी अखेर राजकीय समझोत्यानेच सुटली. जुलै २००५ च्या बुश-मनमोहन सिंग निवेदनात तारापूरच्या इंधनाचा नावानिशी उल्लेख होता आणि ६ सप्टेंबर २००८ रोजी पुरवठादार गटाने भारताला सूट दिली. दरम्यान त्याच आवारात ५४० मेगावॉटच्या दोन नव्या अणुभट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये उभ्या राहिल्या. त्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात, समृद्ध युरेनियमसाठी कोणाच्या दारात जावे लागत नाही. इंधनाच्या प्रत्येक आयात करारात पुरवठादार बदलला तर काय, हा प्रश्न आधी विचारायचा असतो. तेलाची ८५ टक्क्यांहून अधिक गरज आयातीवर भागवणाऱ्या देशाला तो आजही टाळता येणार नाही.