फौजेच्या नोकरीचा घरगुती हिशेब



गेल्या रविवारी संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या एक ताई मुलाला घेऊन घरी आल्या. त्यांचे मालक मार्केट यार्डात हमाली करतात. ताई स्वतः चार घरची धुणीभांडी करतात. मुलगा बारावी पास. रोज पहाटे उठून डांबरी रस्त्यावर पळतो, हे मी स्वतः पाहिलेले आहे. ताईंनी एक चुरगळलेला कागद पुढे केला. त्यावर कुण्या भरतीवाल्या माणसाचा मोबाईल नंबर होता.

"भाऊ, हा माणूस तीन लाखांत फौजेत लावतो म्हणतो. अर्धे आधी, अर्धे ऑर्डर आल्यावर. माझी पोत मोडली अन् गावची जागा काढली तर जमंल. पोरगं एकदा चिकटलं की जन्माची पेन्शन, फुकट दवाखाना, कँटीन. द्यावे का पैसे?"

मी म्हटले, "ताई, एक रुपया द्यायचा नाही. आणि जन्माची पेन्शन हेही पुरते खरे नाही. बसा, आपण कागदावर हिशेब मांडू."

तो हिशेब आज सर्वांसाठी येथे देत आहे. कारण हाच प्रश्न अनेक घरांत आहे.

पहिली गोष्ट भरतीची. २०२३ पासून सैन्यभरतीत आधी संगणकावर लेखी परीक्षा होते. त्यात निवड झालेल्यांनाच मैदानावर बोलावतात. तेथे १६०० मीटर धावणे, बीमवर दंड ओढणे, मग डॉक्टरी तपासणी आणि शेवटी गुणवत्ता यादी. धावण्याची वेळ घड्याळ सांगते आणि पेपर संगणक तपासतो. मधला माणूस करतो काय? तो दहा मुलांकडून पैसे घेतो. दोघे आपल्या मेहनतीने लागतात, त्यांचे पैसे तो खिशात घालतो आणि उरलेल्या आठ जणांना तारखा देत राहतो. सैन्यभरतीत जातीचे आरक्षण नाही आणि वयाची सवलतही नाही. म्हणून आपल्या मुलाला मेहनतीखेरीज दुसरा आधार नाही, हे घरात स्पष्ट सांगावे.

दुसरी गोष्ट, मिळते काय? येथे दोन वेगळे हिशेब आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

जुन्या पद्धतीने भरती झालेल्या जवानाला १५ वर्षे सेवा झाली की पेन्शन मिळते. शेवटच्या पगाराच्या निम्मी, त्यावर महागाई भत्ता. त्याच्यामागे पत्नीला कुटुंब पेन्शन. समान हुद्दा समान पेन्शन ही योजना १ जुलै २०१४ पासून लागू धरली गेली. आजारपणासाठी २००३ साली सुरू झालेली माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे. कँटीनचे कार्ड आहे. केंद्र सरकारच्या क गटातील नोकऱ्यांत माजी सैनिकांना १० टक्के जागा राखीव आहेत. वस्तीत एखाद्या माजी सैनिकाचे पक्के घर दिसते, त्यामागे हा हिशेब आहे. ताईंच्या डोळ्यांपुढे तेच घर होते.

पण १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. तेव्हापासून जवान म्हणून भरती होणारा मुलगा अग्निवीर होतो. त्याची सेवा चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये ठरलेले, पण त्यातले ३० टक्के सेवानिधीत कापून हातात २१,००० येतात. चौथ्या वर्षी ४०,००० पैकी २८,०००. राहणे, जेवण, गणवेश सरकारचे. नोकरीत असेपर्यंत लष्करी दवाखाना आणि कँटीन मिळते. रजा वर्षाला ३० दिवस.

चार वर्षांनी सेवानिधीचे १०.०४ लाख आणि व्याज मिळून साधारण ११.७१ लाख रुपये एकदम मिळतात, त्यावर प्राप्तिकर नाही. आकडा ऐकून ताईंचा चेहरा उजळला. मी म्हटले, "यातले निम्मे पैसे तुमच्या मुलाच्याच पगारातून कापलेले आहेत, निम्मे सरकारचे." ही रक्कम बँकेत ठेवली आणि व्याज सात टक्के धरले तर महिन्याला साधारण ६,८०० रुपये होतात. पेन्शन नाही. ग्रॅच्युइटी नाही. माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणून त्यांची आरोग्य योजनाही नाही. योजना जाहीर झाली तेव्हाच्या नियमाप्रमाणे एका तुकडीतले २५ टक्क्यांपर्यंत कायम होतात आणि त्यांना पुढे किमान १५ वर्षे सेवा मिळते. म्हणजे चार मुलांतला एक. उरलेल्या तिघांनी बावीस-पंचविसाव्या वर्षी काय करायचे, हे घरातून निघतानाच ठरवले पाहिजे. त्यांच्यासाठी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत राखीव जागा ठेवण्याचेही सरकारने २०२२ मध्येच जाहीर केले होते. पण तिथेही परीक्षा आहे, आणि अभ्यास सुटलेला असेल तर ती अवघड जाते.

मुलगा एवढा वेळ गप्प होता. तो म्हणाला, "काका, मला पैशांसाठीच जायचं नाही. मला वर्दी घालायची आहे."

मी म्हटले, "जरूर घाल. पण हिशेब माहीत असून घाल."

ताईंनी मग हळूच विचारले, "आन् भाऊ, काही बरंवाईट झालं तर?"

हा प्रश्न आईच विचारू शकते. उत्तर टाळण्यात अर्थ नाही. अग्निवीराचा ४८ लाखांचा विमा असतो आणि त्याचा हप्ता त्याला भरावा लागत नाही. कर्तव्यावर मृत्यू आला तर आणखी ४४ लाख सानुग्रह अनुदान, उरलेल्या महिन्यांचा पगार आणि सेवानिधी घरच्यांना मिळतो. सेवेमुळे अपंगत्व आले तर त्याच्या प्रमाणात ४४, २५ किंवा १५ लाख. मात्र कायम जवानाच्या पत्नीला मिळते तशी पेन्शन या योजनेत नाही. हे सांगताना मला जड गेले. ताईंनी ऐकून घेतले.

आता थोडे मागचे. फौजेच्या नोकरीने आपल्या समाजाला दिलेली सर्वांत मोठी सवलत कोणती? माझ्या मते शाळा. कंपनी सरकारच्या पलटणीत शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण मिळत असे. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते आणि बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला. नंतर १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. दापोलीकडील निवृत्त लष्करी माणसांनी, त्यात गोपाळबाबा वलंगकर पुढे होते, अर्जाची लढाई केली. १९१७ मध्ये महायुद्धासाठी पलटण उभी राहिली आणि युद्ध सरल्यावर १९२१ मध्ये मोडलीही. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजवर आहे. सरकारी सवलत येते तशी जातेही, हा आपला जुना अनुभव आहे. पण छावणीच्या शाळेत जे अक्षर गिरवले गेले, ते कोणालाही काढून घेता आले नाही.

म्हणून मी मुलाला सांगितले, "अर्ज भर. आणि त्याच वेळी मुक्त विद्यापीठात बी.ए.चे नावही घाल." अग्निवीरांना सेवेत असताना बारावी आणि पदवी पुरी करण्याची सोय मुक्त विद्यालय व इग्नूमार्फत जाहीर झालेली आहे. बराकीत संध्याकाळी एक तास पुस्तक उघडले, तर चार वर्षांनी हातात पैशांबरोबर पदवीही असेल.

लहान मुले असलेल्या पालकांनी आणखी एक लक्षात ठेवावे. अधिकारी होण्याची वाट वेगळी आहे आणि ती सहावीपासून सुरू होते. साताऱ्याची सैनिकी शाळा १९६१ पासून, चंद्रपूरची २०१९ पासून आहे. तेथे अनुसूचित जातीसाठी १५ टक्के जागा आहेत. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही केंद्राकडून हा दर्जा मिळालेला आहे. तेव्हा जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात वेळेवर काढून ठेवावा. मुलींनाही आता या शाळांत प्रवेश आहे आणि खडकवासल्याच्या प्रबोधिनीत २०२२ पासून मुली शिकत आहेत.

शेवटी कागदांविषयी. आमच्या ओळखीच्या एका आजींचे मालक फौजेतून निवृत्त झाले होते. ते वारले आणि आजींची कुटुंब पेन्शन अडली. कारण फौजेच्या नोंदीत आजींचे माहेरचे नाव होते, आधारवर सासरचे. लग्न विहारात लागलेले, नोंदणी कोणी केलेली नव्हती. प्रतिज्ञापत्रे, साक्षीदार, पत्रव्यवहार यांत दोन वर्षे गेली. त्या दोन वर्षांत सत्तरीच्या आजींनी लोकांकडे भाकऱ्या थापल्या. थकबाकी मिळाली तेव्हा त्या म्हणाल्या, "पैसे आले बाबा, पण डोळे गेले." पैसे त्यांचेच होते. एका नावामुळे ते दोन वर्षे बाहेर थांबले.

म्हणून ज्या घरात माजी सैनिक आहेत, त्या घराने आज संध्याकाळी पत्र्याची पेटी उघडावी. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, आधार आणि बँकेचे पासबुक शेजारी शेजारी ठेवावे. पत्नीचे नाव, जन्मतारीख आणि मुलांची नावे चारही ठिकाणी सारखी आहेत का, एवढेच पाहावे. फरक असेल तर सैनिक हयात असतानाच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन दुरुस्तीचा अर्ज द्यावा. त्याच कार्यालयात मुलांच्या शिष्यवृत्तीची आणि वसतिगृहाची चौकशी करावी. हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या माजी सैनिकांच्या मुलांना शिक्षणासाठी अनुदान आहे. पदवीच्या व्यावसायिक शिक्षणासाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, मात्र तिला बारावीत ६० टक्के गुण लागतात. या सवलती मागितल्याशिवाय घरी चालत येत नाहीत.

ताईंनी जाताना तो नंबराचा कागद माझ्या टेबलावरच ठेवला. "पोत राहू द्यावी म्हणता?" त्यांनी उंबऱ्यावरून विचारले.

"राहू द्या. त्यातले काही मोडायचेच झाले तर पुस्तकांसाठी मोडा."

मुलगा काल पहाटे पुन्हा पळताना दिसला. त्याच्या पाठीवर दप्तर होते. पळून झाले की तो तसाच वाचनालयात जातो, असे कळले.

जयभीम.