फोटो नको, वर्णपट दाखवा

'राक्षसी कृष्णविवराने गिळली दीर्घिका!' अशा थाटाची एक लिंक गेल्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर आली. सोबत जांभळं-केशरी चित्र. मीही कधीकाळी असलंच फॉरवर्ड करायचो, त्यामुळे बोलायचा अधिकार तसा कमीच. तरी बोलतो.

तक्रार रंगांबद्दल नाही. या बातम्यांत पुरावाच नसतो, ही तक्रार आहे. सर्व्हर का पडला हे आम्ही डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट बघून ठरवत नाही, लॉग उघडतो. दूरच्या दीर्घिकेचा लॉग म्हणजे तिचा वर्णपट.

४सी ४१.१७ ही रेडिओ दीर्घिका घ्या. कमी फ्रिक्वेन्सीला तिचा सिग्नल जोरदार, फ्रिक्वेन्सी वाढवली की धाडकन उतरतो. इतका तीव्र उतार म्हणजे वस्तू फार लांबची असण्याची बरीच शक्यता. मग दृश्य प्रकाशात तपासलं. हायड्रोजनची लायमन-अल्फा रेषा मुळात १२१.६ नॅनोमीटरला, अतिनील भागात असते. इथे ती साधारण ५८४ ला, चक्क पिवळ्यात! ४.८ पट ताणलेली, म्हणजे ताम्रसृती ३.८. तो प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय दोनशे कोटी वर्षंही नव्हतं. १९९० मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा माहीत असलेली सर्वांत दूरची दीर्घिका हीच.

खरी गंमत पुढे आहे. अशा दीर्घिकांचा प्रकाश रेडिओ झोतांच्याच दिशेने लांबट पसरलेला दिसतो, हे १९८७ मध्ये लक्षात आलं होतं. का, हे फोटोवरून सांगता येईना. कदाचित कृष्णविवराजवळचा झगझगाट धुळीवर आपटून आपल्याकडे वळत असेल. किंवा झोताच्या धक्क्याने वायू दाबला जाऊन तिथे तारे जन्मत असतील. विखुरलेला प्रकाश ध्रुवित असतो, आणि काही दीर्घिकांत तो तसा निघालाही. पण १९९७ मध्ये केक दुर्बिणीच्या निरीक्षणांतून ४सी ४१.१७ चा अतिनील प्रकाश ध्रुवित नसल्याचं दिसलं. वर त्यात तरुण, तापलेल्या ताऱ्यांच्या शोषणरेषा. तारे, तेही झोताच्या रेषेत.

आता सांगा, राक्षस कोण? इतर काही दीर्घिकांत वायू सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने बाहेर फेकला जाताना दिसतो. तिथे नव्या ताऱ्यांचा कच्चा मालच पळवला जातोय. तेही रेषांच्या रुंदीवरूनच कळतं. 'गिळलं' या एका क्रियापदात यातलं काहीही मावत नाही.

"लोकांना आलेख कंटाळवाणे वाटतात," हे संपादकी उत्तर मला मान्य नाही. हेच लोक लोकलमध्ये उभ्या उभ्या शेअरच्या कँडल्स वाचतात. ईसीजीचा कागद आला की त्यावर दहा जण मतं देतात.

आणि हे सगळं परक्यांचं आहे असंही नाही. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या डिश आहेत, जीएमआरटीच्या. तिथून आणि आसपास पसरलेल्या मिळून ३० अँटेनांनी १५० मेगाहर्ट्झला सुमारे ९० टक्के आकाश पाहिलं. त्या सूचीतून, नेमका हाच उतार हेरून, दूरच्या रेडिओ दीर्घिकांचे उमेदवार निवडले गेलेत. आमच्या ऑफिसात मात्र नारायणगाव म्हटलं की मिसळ.

त्या लिंकखाली मी ४सी ४१.१७ चा आलेख टाकला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग मामाचा मेसेज आला, "ही एवढी उंच रेघ कसली रे?"