सुजलेला पाय उशिरा दिसतो

पूर्व विदर्भात हत्तीरोग कुणाला नवा नाही. देशात त्याविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ पासून चालू आहे. तरीही गाव हा रोग ओळखते ते सुजलेल्या पायावरून किंवा अंडवृद्धीवरून, आणि चूक तिथेच होते. या रोगाचे जंत लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतात. त्यांची सूक्ष्म पिल्ले रात्री रक्तात उतरतात, म्हणून तर आरोग्य कर्मचारी रक्ताचा नमुना घ्यायला रात्री दारात येतात. हा रोग पसरवणारा, गटारात वाढणारा क्यूलेक्स डासही रात्रीच चावतो. ज्याच्या रक्तात ही पिल्ले असतात, त्याला बहुधा कसलाच त्रास नसतो. उलट ज्याचा पाय हत्तीसारखा झाला, त्याच्या रक्तात ती बहुतेक वेळा सापडत नाहीत. म्हणजे रोग पसरतो धडधाकट माणसाकडून, आणि गाव दूर लोटते ते ज्याच्यापासून फारसा धोका उरलेला नाही त्याला. हा अन्याय मला फार बोचतो.

हत्तीरोगावरच्या गोळ्या सगळ्या गावाला वाटल्या जातात तेव्हा ऐकू येणाऱ्या ‘मला काही झालेले नाही, मग गोळ्या कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. औषधाने पिल्ले मरतात, पण मोठे जंत बरेचसे तगून राहतात. म्हणून गोळ्या पुन्हा पुढच्या वर्षीही घ्याव्या लागतात, आणि एकूण लोकसंख्येपैकी किमान ६५ टक्के लोकांनी त्या खरोखर गिळाव्या लागतात. घरात ठेवून दिलेली गोळी या हिशेबात धरता येत नाही. गोळ्यांनी ताप येतो, डोके दुखते, ही तक्रार खरी आहे. हा त्रास बहुतेक करून मरणाऱ्या पिल्लांमुळे होतो आणि एक-दोन दिवसांत ओसरतो. पण हे आधीच सांगायला हवे. लपवले तर पुढच्या वर्षी दार उघडणार नाही. गटारे साफ करा, डास संपतील, असेही म्हणतात. नारूचा दाखला देतात: औषध नाही, लस नाही, तरी मुख्यतः पिण्याच्या पाण्याची काळजी घेऊन २००० साली भारत नारूमुक्त ठरला. गटारे साफ झालीच पाहिजेत. पण नारूचा जंत कातडीतून बाहेर येताना डोळ्यांना दिसे आणि त्याची वाट पाणवठ्यापाशी अडवता येई. इथे जंताची पिल्ले निरोगी दिसणाऱ्याच्या रक्तात दडलेली असतात.

सुजलेला पाय मात्र या गोळ्यांनी पूर्ववत होत नाही. त्याला रोज साबण-पाण्याने धुणे, नीट कोरडे करणे, भेगांना मलम लागते, अंडवृद्धीला शस्त्रक्रिया. देशाने २०२७ पर्यंत हत्तीरोग निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठले तरी हे रुग्ण त्यानंतरही तोच पाय घेऊन जगणार आहेत.