राउटर घ्यावा का?

परवा बाजारात भाजी घेताना एका ताईंनी गाठलं. "दादा, तुम्ही पेपरवाले, तुम्हाला ठाऊक असेल. घरात ते वायफायचं डबडं घ्यावं का? हे म्हणतात, माझ्या फोनवर रोज दोन जीबी मिळतंय की, अजून कशाला खर्च?"

मी विचारलं, "दाजी दिवसभर घरी असतात का?"

"छे, सकाळी आठला जातात ते रात्री आठलाच येतात."

माझ्या मते उत्तर इथंच मिळालं.

आपल्या तालुक्यात अजून कितीतरी घरांत नेट म्हणजे कर्त्या माणसाच्या फोनचा हॉटस्पॉट. त्यानं गाडीला किक मारली की नेटही त्याच्या मागं बसून गेलं. घरी उरतात बारावीची पोरगी, पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा आणि त्यांची आई. महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचाय? बाबा येईपर्यंत थांबा, नाहीतर नेट कॅफेत पैसे मोजा. (ओटीपी तरीही बाबांच्याच फोनवर येतो, ते दुखणं वेगळं.) घरातली लाईट, नळाचं पाणी कुणी खिशात घालून कामावर नेत नाही. नेट मात्र रोज नेतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. घरात शिकणारी मुलं असतील तर नेट घराच्या भिंतीवर पाहिजे, हे माझं स्पष्ट मत.

आता पैसे. ३९९ चा म्हणून सांगितलेला फायबर प्लॅन १८ टक्के जीएसटी धरून ४७१ ला पडतो. वरचे ७२ रुपये जाहिरातीत बारीक अक्षरात असतात. पण घरात वायफाय आलं की सगळ्यांच्या फोनवर मोठे डेटा पॅक मारायची गरज राहत नाही, तेही धरून हिशोब करा.

पण म्हणून लगेच दुकानात पळू नका! फायबरवाला भिंतीवर जो डबा लावून जातो, त्यात बहुतेक वेळा वायफाय असतंच. मी हे न बघता तीन वर्षांपूर्वी अडीच हजारांचा राउटर आणून बसलो. दुकानदार म्हणाला, "साहेब, स्पीड डबल होईल." घरची लाइन ३० एमबीपीएसची. नळाला जेवढं पाणी येतं तेवढंच बादलीत पडणार, बादली स्टीलची घ्या नाहीतर पितळेची. खरी भानगड वेगळीच निघाली. डबा पुढच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या मागं. केबलवाल्या पोराला चहा पाजून तो मधल्या खोलीत उंचावर घेतला आणि स्वयंपाकघरापर्यंत रेंज आली. फुकटात.

वेगळा राउटर कधी घ्यावा? जुनी दगडी घरं असतील तेव्हा. २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय लांब जातं पण हळू चालतं, ५ चं पळतं पण भिंत आडवी आली की मान टाकतं. दोन फुटी भिंतीपलीकडं अभ्यासाची खोली असेल तर डब्यापासून तिथपर्यंत लॅन केबल ओढा आणि दुसऱ्या टोकाला दोन्ही बँडचा राउटर लावा. मेंटेनन्सच्या दिवशी लाईट जातेच, म्हणून राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, तोही बघून ठेवा.

शेजाऱ्यात अर्धे-अर्धे पैसे करून पासवर्ड वाटायची पद्धत आपल्याकडं जोरात आहे. मी मात्र ते करणार नाही. कनेक्शन ज्याच्या नावावर, नोंद त्याची. त्या लाइनवरून कुणी फसवणुकीचा उद्योग केला, तर पोलीस आधी तुमचंच दार वाजवणार. अगदी देणं भागच असेल तर गेस्ट नेटवर्क काढून द्या.

ज्यांना महिन्याचे ४७१ झेपत नाहीत, त्यांचं काय? डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं पीएम-वाणी योजना मंजूर केली. चहावाला, किराणावालाही लायसन्स न काढता वायफाय विकू शकतो, त्यासाठी फी नाही. आपल्या स्टँडवर चहाच्या इतक्या टपऱ्या आहेत, एकीवरही मला ते दिसलेलं नाही. नगरपरिषदेनं निदान अभ्यासिकेसमोर तरी एखाद्या टपरीवाल्याला यासाठी उभं करावं.

ताईंना एवढंच सांगितलं, आधी लाइन घ्या, महिनाभर वापरा, राउटरचं मग बघू. माझा तो अडीच हजारांचा राउटर कपाटात पडून आहे. दगडी घर असेल, पोरं शिकत असतील तर संध्याकाळी सहानंतर येऊन घेऊन जा. अडॅप्टर चालू आहे.