गुरू पारखावा की नाही?

‘गुरूची परीक्षा पाहू नये, पाप लागते,’ हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी घरात ऐकलेले असते. मीही ते लहानपणापासून ऐकत आले. या वाक्याने आमच्या घराचे काय केले ते आधी सांगते आणि मग माझे मत मांडते.

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाला ६ वर्षे झाली होती. मूल नव्हते आणि सासरी टोमणे सुरू झाले होते. मी बारावीत असताना कोणीतरी सांगितले, की तालुक्याच्या गावी एक तांत्रिक गुरुजी आले आहेत, शक्तीचे मोठे उपासक आहेत. आई आणि अण्णा ताईला घेऊन गेले. मलाही सोबत नेले, कारण आमच्या घरात चार बुके शिकलेली मी एकटीच. तिथे जटा, राख, कवटी असले काही नव्हते. स्वच्छ खोली, पांढरे धोतर, भिंतीवर श्रीयंत्र आणि तोंडात अस्खलित संस्कृत. पहिल्या दिवशी नारळ आणि ११ रुपये यांपलीकडे त्यांनी काही घेतले नाही. बाहेर आल्यावर अण्णांनी मला विचारले, “तू शिकलेली, तूच सांग. माणूस कसा वाटला?” मी म्हणाले, “विद्वान आहेत. लोभी दिसत नाहीत.”

माझ्या या दोन वाक्यांवर अण्णांनी विश्वास टाकला. पुढे अनुष्ठानासाठी २१,००० रुपये गेले. त्यासाठी दोन शेळ्या विकल्या, उरलेले उसने काढले. नंतर डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगण्यात आले. नंतर, यातले अवाक्षर बाहेर काढायचे नाही, अशी शपथ घातली गेली. शेवटी निरोप आला, की अमावास्येच्या रात्रीची पूजा ताईने एकटीने करायची. नवरा नको, आई नको. तेव्हा अंगठा उठवणारी माझी आई म्हणाली, “ज्या पूजेला आईला उंबरा बंद, ती पूजा माझ्या लेकीला नको.” ताईचा हात धरून ती तिला घरी घेऊन आली. पैसे गेले ते गेलेच.

मी त्या माणसाचे संस्कृत पाहिले. आईने त्याचे वागणे पाहिले. हा फरक मला अजून टोचतो.

महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयात या विषयावरची पुस्तके मी मुद्दाम वाचली. तंत्र म्हणजे केवळ जारणमारण नव्हे, हे प्रथमच कळले. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने ‘तंत्रालोक’ लिहिला, तो सुमारे हजार वर्षांपूर्वी. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर जॉन वुड्रॉफ यांनी ‘आर्थर अ‍ॅव्हलॉन’ या नावाने तंत्रग्रंथ इंग्रजी वाचकांपुढे आणले. पण सर्वांत आश्चर्य वाटले ते ‘कुलार्णवतंत्रा’चे. शिष्याच्या धनावर डोळा ठेवणाऱ्या गुरूंविषयी त्यात स्पष्ट इशारा आहे, आणि गुरू-शिष्यांनी एकमेकांना पारखून घ्यावे असेही सांगितले आहे. आपल्या समर्थांनी तर ‘दासबोधा’च्या पाचव्या दशकात ‘गुरुलक्षण’ नावाचा समासच लिहिला. करामती दाखवणाऱ्याला लोक गुरू म्हणतात, पण तो सद्गुरू नव्हे, असा त्यांचा निर्वाळा आहे. दीक्षा घेतल्यानंतरच्या निष्ठेला हे ग्रंथ फार मोठे मानतात, हे खरे. परंतु पारख करणे पाप आहे, हे शास्त्र नव्हे. ती पारखले जाण्याची भीती असलेल्यांची सोय आहे.

मग पारखायचे कसे? माझ्या अल्पबुद्धीला जे सुचते ते सांगते. विद्वत्ता, मौन, फाटके वस्त्र, पहिल्या भेटीतला निर्लोभीपणा, यांपैकी काहीही पुरावा नव्हे; हे सारे उसने आणता येते. पाहायचे ते हे, की जो आपल्यावर अवलंबून आहे त्याच्याशी हा माणूस कसा वागतो. पैशाचा आकडा भेटीगणिक वाढतो का? औषध बंद करायला सांगतो का? स्त्रीला तिच्या माणसांपासून तोडतो का? मंत्र गुप्त ठेवण्याची परंपरा आहे, ती असू द्या. पण पैसा आणि वर्तन गुप्त ठेवायला सांगणारा साधनेचे रक्षण करीत नसतो, स्वतःचे करीत असतो. ‘वाममार्गात हे चालते’ असे म्हणून जो अनाचार झाकतो, त्याच्या दारात एक क्षणही थांबू नये. आणि चौकशी करायची ती भोवती बसलेल्या भक्तांकडे नव्हे, तर सोडून गेलेल्यांकडे. सोडून जाणाऱ्याला जो शाप देतो, त्याची परीक्षा तिथेच संपली.

माझे काही वर्गमित्र म्हणतात, “सगळेच भोंदू. पारखायचे कशाला?” त्यांच्या तळमळीचा मला आदर आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यांनी आयुष्यभर ज्याचा आग्रह धरला तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आपल्या राज्यात झाला. अलौकिक शक्तीने मूल होईल असे सांगून स्त्रीचा गैरफायदा घेणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत. पण कायदा तक्रारीची वाट पाहतो, आणि आमच्या घरातून तक्रार गेली नाही. “पोरीची अब्रू जाईल,” एवढेच अण्णा म्हणाले. मी तेव्हा गप्प बसले. ती माझी दुसरी चूक.

शिवाय ‘सगळेच भोंदू’ असे मी घरी म्हटले, तर माझी आई माझे ऐकणेच सोडून देईल. दुःखाने पिचलेला माणूस कुठेतरी जाणारच. त्याला अडवता आले नाही, तरी काय पाहावे एवढे त्याच्या हाती देता येते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात आपणच पहिले शिकलेले. उद्या तुमचे वडीलही असेच बाहेर येऊन विचारतील, “तू शिकलास, तूच सांग.” तेव्हा माझ्यासारखी घाई करू नका. “अजून थोडे पाहू या,” एवढे तरी म्हणा. ताई आता जिल्हा रुग्णालयात उपचार घेते, आणि दर खेपेला आई तिच्यासोबत आत जाते.

— द्वितीय वर्ष, कला